पाच फुलवाती

“हात आहेत तोवर वात विकतची आणू नकोस, प्रमिला. आणि नेम धरला म्हणून चार बायकांत सांगत बसू नकोस. त्याला ठाऊक असलं म्हणजे झालं.”

आत्याबाईंना जाऊन नऊ वर्षं झाली, तरी हे बोल प्रमिलाच्या कानात रोज सकाळी उमटत. आवाज शेवटच्या दिवसांतला, अर्धांगानं जड झालेल्या जिभेचा. आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई. तीस वर्षं चालवलेला नेम त्यांनी जाताना सुनेच्या ओंजळीत टाकला होता. अंघोळ झाली की पाण्याचा थेंबही तोंडात न घेता पाच फुलवाती स्वतःच्या हातानं वळायच्या, तुपात भिजवून पंचारतीत ठेवायच्या आणि देवाला ओवाळायचं. उपास नाही, सोवळ्याचा बाऊ नाही. फक्त एक दिवसही खंड पडू द्यायचा नाही.

प्रमिलाला हे कधीच जड गेलं नाही. चिमूटभर कापूस घ्यायचा, बोटांनी फुलवून त्याची टिकली करायची, मधोमध चिमटीत धरून वर ओढायची, दुधाचं बोट लावून टोकाला पीळ द्यायचा. लग्न होऊन संगमनेरला आली तेव्हा आत्याबाईंनी एकदाच दाखवलं आणि म्हणाल्या होत्या, “तुला काय शिकवायचं? बिडीचा हात आहे तुझा.”

खरंच होतं ते. अकराव्या वर्षापासून प्रमिला बिड्या वळत होती. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, डाव्या हातात पान, आणि उजव्या अंगठ्याचा तो एक वळसा. दिवसाला हजार वेळा तोच वळसा. तिचा अंगठा झोपेतसुद्धा तर्जनीवर फिरायचा, असं तिचे यजमान भाऊसाहेब सांगत. त्यामुळे सकाळच्या वाती हात आपसूक वळत आणि प्रमिलाचं मन दुधाच्या पातेल्यापाशी, दारावरच्या भाजीवाल्यापाशी फिरून येई. पाच वाती झाल्याचं तिला बोटांनी कळवावं लागे.

बिडीचा धंदा एकदम बुडाला नाही. आधी आठवड्यातून चार दिवस पानं मिळू लागली, मग दोन दिवस, आणि एका वर्षी दिवाळीनंतर वखारीचं दार उघडलंच नाही. गावातल्या हजारभर बायका घरी बसल्या. त्याच सुमारास महामार्गावरच्या बसगाड्या आपल्या आपण चालू लागल्या आणि एकोणीस वर्षं बस चालवलेले भाऊसाहेबही घरी आले. दोघांत भांडण नव्हतं. पण दोन रिकामी माणसं एका घरात दिवसभर एकमेकांना वाट देत वावरतात, तशी एक अवघडलेली शांतता घरभर पसरली होती.

म्हणून बसस्थानकामागं ‘रोजगार सज्जता केंद्र’ निघालं तेव्हा प्रमिला पहिल्याच दिवशी रांगेत उभी राहिली. शेजारी परवीन होती. वखारीत वीस वर्षं दोघींची सुपं एकमेकींना लागून असत.

“शेहेचाळिसाव्या वर्षी शाळेत,” परवीन म्हणाली. “डबा आणलास का गं?”

केंद्रात शिकवायला शर्वरी मॅडम होत्या. पंचविशीतली मुलगी, सगळ्यांना मावशी म्हणायची. पहिला आठवडा मुलाखतीच्या तयारीचा. एकेकीनं पुढं यायचं आणि दोन मिनिटं स्वतःबद्दल बोलायचं.

“मी प्रमिला भाऊसाहेब गुंजाळ,” प्रमिला म्हणाली आणि थांबली.

“छान. आणखी, मावशी?”

प्रमिलानं बराच वेळ विचार केला. “तुमचा चहा झाला का?”

अख्खा वर्ग हसला. परवीन मागून म्हणाली, “हिच्या तोंडाला पण दोरा मारलेला आहे मॅडम, बिडीसारखा.”

“मावशी, स्वतःबद्दल बोलायला शिकायचंय,” शर्वरी हसत म्हणाली. “तुम्हाला काय काय येतं ते तुम्ही सांगितलं नाही, तर समोरच्याला कसं कळणार?”

पण प्रमिलाच्या घडणीतच ते नव्हतं. केलेलं दाखवू नये, धरलेलं बोलू नये, असंच ती वाढली होती. त्याच दिवशी एक फॉर्मही भरायचा होता. त्यात एक मोठा रकाना होता: ‘तुमच्या हातांना येणारी सर्व कामं लिहा. लहानसहान, घरगुती, छंदाची, रोजच्या सवयीची, एकही सोडू नका.’ प्रमिलानं स्वयंपाक लिहिला, शिवण लिहिली, बिडी लिहिली. मग पेन थोडा वेळ हवेतच राहिलं. वाती हे काही काम नव्हे. आणि सरकारी कागदावर नेम लिहायचा म्हणजे चार बायकांत सांगण्यापेक्षाही वाईट. तिनं फॉर्म घडी करून दिला.

नोकरी होती सिन्नरच्या रस्त्यावरच्या नव्या कारखान्यात. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलांच्या कानात आत बसवायचं यंत्र तिथं तयार होई. त्यात केसापेक्षा बारीक बावीस तारा मऊ रबरी नळीत एकेक करून सरळ सरकवाव्या लागत. यंत्रमानवांच्या चिमट्यांना ते अजून साधलं नव्हतं. त्यांच्याकडून तारा दबत. माणसाचीच बोटं हवीत, आणि बिडीवाल्यांच्या बोटांसारखी हलकी बोटं कुठं मिळणार, असा हिशोब होता.

बोटं हलकी होती, पण एक अडचण निघाली. भिंगाखालच्या पडद्यावर प्रमिलानं सरकवलेली तार दिसली ती वेलीच्या तणाव्यासारखी, पीळ पडलेली. दुसरी तशीच. दहाव्या तारेला ती श्वास रोखून बसली, तरी शेवटच्या क्षणी अंगठा तर्जनीवर फिरलाच.

“मी नाही फिरवत हो,” ती कळवळून म्हणाली. “तोच फिरतो.”

“माहितीये मावशी. सगळ्यांचं तेच होतंय.” शर्वरीनं केस मागं घेतले. कानामागं गोल चकती होती, चिंचोक्याएवढी. “माझ्या कानात अशाच बावीस तारा आहेत. दीड वर्षाची असताना बसवल्या. त्यातली एक जरी पिळलेली असती, तर तुमचा आवाज मला फाटका आला असता.”

प्रमिला त्या चकतीकडं बघत राहिली. ही मुलगी ऐकू येत नसताना जन्मली हे आजवर तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

त्या दुपारी शर्वरीनं सगळ्यांना गोल बसवून नवं यंत्र दाखवलं. मनगटात घालायचा एक रुंद पट्टा आणि डोक्यावर घालायचं जाळीचं हलकं टोपडं.

“तेंदूचं पान कोरडं असताना वळलं तर काय होतं?” तिनं विचारलं.

“फुटतं,” चार-पाच जणी म्हणाल्या.

“मग काय करता?”

“भिजवून फडक्यात ठेवायचं. मऊ पडलं की कापायचं, वळायचं. वाळलं की आकार धरून बसतं.”

“आठवणही तशीच असते,” शर्वरी म्हणाली.

मग तिनं समजावलं. हाताला बसलेली सवय मेंदूत कोरड्या पानासारखी पक्की असते. ती पुसायला गेलं तर पुसत नाही. पण ते काम आपण करतो, त्या वेळी ती सवय जणू भिजते, आणि पुढचे काही तास मऊ राहते. मग वाळून पुन्हा पक्की होते. जगभरच्या शास्त्रज्ञांना हे फार आधीपासून ठाऊक होतं. त्या मऊ वेळेत हात कसा घालायचा, ते नव्यानं साधलं होतं. बिड्या वळायच्या. मनगटातला पट्टा नसांमधून जाणारा इशारा वाचणार. अंगठा फिरायच्या बेतात आला की त्याच क्षणी टोपडं मेंदूतल्या नेमक्या जागेला चुंबकाची हलकी टिचकी देणार. दुखत नाही. पण वळसा अर्धवट राहतो, आणि सवय वाळते ती तशी, अर्धवटच. पाठोपाठ तारेचं काम करायचं, म्हणजे मोकळ्या झालेल्या जागी ते बसतं. अशा सहा बैठका, आठवड्याला एक. दोन वर्षांची शिकवण दीड महिन्यात होते.

“म्हणजे बिडी विसरायला आधी बिडी वळायची,” परवीन म्हणाली. “सरकारनं पानं आणलीत का मग?”

आणली होती. तंबाखूऐवजी लाकडाचा भुसा होता, एवढाच फरक. बंद पडलेल्या धंद्याची पानं कुठून मिळवली कोण जाणे. पण त्या हॉलमध्ये पुन्हा एकदा वीस सुपं मांडीवर आली, ओल्या पानांचा वास सुटला.

तिसऱ्या बैठकीत प्रमिलाच्या हातातली बिडी मांडीवर उलगडून पडली. तिनं दुसरी घेतली, तीही उलगडली. आणि नंतर भिंगाखाली तार सरकली ती सरळ, दुधाच्या धारेसारखी.

परवीनचंही तसंच झालं. ती आपल्या सैल पडलेल्या बोटांकडं बघून म्हणाली, “गेली एकदाची. माझी अम्मी बिडीतच गेली. खोकून खोकून. तो वळसा तिनंच दिला होता मला. जाऊ दे, सुटले.” तिनं पदरानं डोळे टिपले, पण ती रडत नव्हती, हसत होती. प्रमिलाला वाटलं, आपणही असंच सुटलो असू.

चौथ्या बैठकीनंतरच्या सकाळी वात वळेना.

कापूस चिमटीत आला, फुलला, वर ओढला गेला. दुधाचं बोट लावलं. आणि अंगठा नुसता तर्जनीवर टेकून राहिला. त्याला पुढं काय करायचं ते ठाऊक नसावं तसा. प्रमिलानं मनानं ढकललं, तेव्हा तो सरळ वर सरकला, तार सरकवावी तसा, आणि टिकली फाटली.

तिला आधी कापसाचा संशय आला. नवी पुडी फोडली. मग वाटलं, आपल्याकडून काही चुकलंय. काल कुणाला वेडंवाकडं बोललो का? देवापुढं बसताना मन दुसरीकडंच असतं, त्याचं तर हे नव्हे? तासाभरात कशाबशा पाच वाती उभ्या राहिल्या. ओवाळताना त्यातल्या दोन तुपात आडव्या पडून विझल्या.

भाऊसाहेब दारात उभे होते. हातात पेपर होता.

“आज उशीर?”

“कापूस बरा नाही.”

ते पेपर घेऊन बाहेर गेले. दुसऱ्या दिवशीही त्यांनी पाहिलं, आणि तिसऱ्या दिवशीही. मग चहा घेताना म्हणाले, “कापूस नाही बिघडला, प्रमिला. त्या पट्ट्यानं हात नेलाय तुझा.”

“बिडी न्यायची होती त्यांना. वात कशाला नेतील?”

“बिडीचा अंगठा वेगळा आणि वातीचा वेगळा, असे दोन आहेत का तुला?”

प्रमिलानं कप खाली ठेवला आणि उजव्या अंगठ्याकडं पाहिलं.

“किराण्यात पाकीट मिळतं वातींचं,” ते म्हणाले. “पाच वातीच ना? देव काय पाकीट बघतो?”

“आत्याबाईंना शब्द दिलाय,” ती म्हणाली. त्यांनी आपला कप उचलला आणि आत नेला. आई त्यांचीच होती.

पाचवी बैठक झाली आणि दुसऱ्या दिवशी प्रमिला शर्वरीपुढं जाऊन बसली. बोलायला तिला पाच मिनिटं लागली. मान खाली घालून, हातांकडं बघत, तिनं नेमाचं सगळं सांगितलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा परक्या माणसाला.

शर्वरीनं फॉर्म काढला, रकाना पाहिला. “मावशी, इथं का नाही लिहिलंत?”

“ते लिहायचं नसतं.”

“तुम्ही लिहिलं असतंत, तर मी आधी दोन दिवस तुमच्याकडून नुसत्या वातीच वळून घेतल्या असत्या. पट्ट्यानं ते ओळखलं असतं आणि तेवढ्याला कुंपण घातलं असतं. रांगोळी लिहिली होती एकीनं, तिची रांगोळी शाबूत आहे.” तिचा आवाज बारीक झाला. “मेंदूत बिडीची वेगळी खोली आणि वातीची वेगळी असं नसतं हो. तुमची वात बिडीच्या वळशावरच उभी होती. खालचं काढलं, वरचं आलं.”

“आता?”

शर्वरीनं काहीही न लपवता सांगितलं. गुरुवारी सहावी बैठक. ती नवं काम पक्कं करणारी. इथंच थांबलात आणि रोज वाती वळत राहिलात, तर दोन-तीन महिन्यांत हात परत येईल. पण मग अंगठा तारेवरही फिरेल आणि नोकरी मिळणार नाही. कारखाना या तुकडीतल्याच बायका घेणार आहे, पुढची तुकडी होईल की नाही ते ठाऊक नाही. आणि सहावी बैठक घेतलीत, तर या हातानं पीळ द्यायचं काम पुन्हा करायचंच नाही. वात नाही, सुतळी नाही. जोवर कारखान्यात आहात तोवर नाही. वळत राहिलात, तर हळूहळू जुनी सवय भिजेल आणि तारा बिघडतील.

“आणि त्या तारा कुणाच्या तरी कानात जायच्या,” प्रमिला म्हणाली.

“हो,” शर्वरी म्हणाली. नकळत तिचा हात कानामागं गेला.

त्या संध्याकाळी प्रमिला अंगणातल्या पायरीवर बसली. भाऊसाहेब खुर्चीत होते. केंद्रातून त्यांनाही बोलावणं आलं होतं, पहिल्याच महिन्यात. गोदामातल्या कामासाठी. त्यांनी नाही म्हटलं होतं. गाडी काढून घेतली ती घेतली, हातातली गाडी नाही देणार, असं तेव्हा ते म्हणाले होते.

“तुम्ही बरं केलंत,” प्रमिला म्हणाली. “दिला नाहीत हात.”

“काय बरं केलं?” ते रस्त्याकडं बघत होते. कोपऱ्यावरून एक बस वळली, चालकाच्या जागेवर कुणी नसलेली. भाऊसाहेबांचा डावा हात खुर्चीच्या दांडीवर पुढं सरकला आणि मागं आला. पुन्हा पुढं गेला. तिनं कितीदा पाहिलं असेल ते. “दोन वर्षं झाली, इथं बसून गिअर टाकतोय. त्याला अजून कळलं नाही गाडी गेली ते. ठेवलेला हात असा असतो बघ, प्रमिला. तू माझ्याकडं बघून काही ठरवू नकोस.”

ती पायरीवर त्यांच्याकडं थोडी सरकली.

“पण इमानी आहे बिचारा,” ते त्या हाताकडं बघून म्हणाले. “लोकांना वाटतं स्टेअरिंग म्हणजे गाडी. चंदनापुरीचा घाट एकोणीस वर्षं मी या डाव्या हातावर उतरवला. साठ-साठ माणसं घेऊन. आणि जेवताना आई मारायची त्याच्यावर, ताटाला लागला की.”

प्रमिलानं मान वर केली. “आत्याबाई?”

“तिला डावा हात खपायचा नाही. म्हणजे आधी. नंतर तिच्याकडं दुसरा राहिलाच कुठं होता?”

नऊ वर्षं तिनं त्या बोलांचा शेवट तेवढा जपला होता. त्याच्या आधी काय झालं होतं, तिकडं ती कधी वळलीच नव्हती.

अर्धांगानं आत्याबाईंची उजवी बाजू गेली त्याला तेव्हा महिना झाला होता. वाती प्रमिलाच वळत होती, त्यांना दाखवून पंचारतीत ठेवत होती. एका सकाळी ती अंघोळीहून आली तर आत्याबाई खाटेवर उशीला टेकून बसलेल्या. कापसाची पुडी मांडीवर. डाव्या हातानं, ओठ घट्ट मिटून, त्या एका वातीशी झटत होत्या. घामानं कपाळ भिजलं होतं. वात वाकडी होती, पण होत आली होती. नुसता टोकाचा पीळ राहिला होता.

आणि प्रमिला म्हणाली होती, “अहो आत्याबाई, डाव्या हाताची वात देवाला चालते का? द्या इकडं, मी करते.”

तिनं ती त्यांच्या बोटांतून काढून घेतली होती. उलगडून, नीट वळून, पंचारतीत ठेवली होती. प्रेमानंच केलं होतं. आत्याबाई तिच्या हातांकडं बराच वेळ बघत होत्या. चालतं की नाही, त्यावर त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. मग त्यांनी पुडी हळूच तिच्याकडं सरकवली आणि म्हणाल्या, हात आहेत तोवर वात विकतची आणू नकोस, प्रमिला.

पायरीवर बसलेल्या प्रमिलानं पदर तोंडाशी धरला. भाऊसाहेबांनी तिच्याकडं पाहिलं आणि नजर पुन्हा रस्त्यावर नेली. त्यांना तेवढं समजत होतं.

गुरुवारी सहावी बैठक झाली. सुपात एकच पान ठेवलं होतं. प्रमिलानं ते उचललं, भुसा पसरला, आणि अंगठ्याला पुढचं काहीच आठवेना. पान तळहातावर उघडंच राहिलं. तीस-पस्तीस वर्षांत असं पसरलेलं पान तिनं शांतपणे पाहिलं नव्हतं. शिरा किती नाजूक होत्या त्याच्या. मग भिंगाखाली चाळीस तारा, एकामागून एक, चाळीसही सरळ. परवीनच्या अडतीस.

“कारखान्यात मला तुझ्या शेजारचीच जागा हवी,” परवीन म्हणाली. “बोलायला कुणी नसलं तरी चालेल, ऐकायला हवं.”

सोमवारपासून रुजू व्हायचं होतं. शर्वरी दाखला देत होती, तेवढ्यात प्रमिला म्हणाली, “तो फॉर्म परत द्या जरा.”

“आता कशाला, मावशी?”

“राहिलंय एक.”

‘तुमच्या हातांना येणारी सर्व कामं’ या रकान्याच्या तळाशी थोडी जागा होती. प्रमिलानं तिथं सावकाश लिहिलं: डावा हात. रोज सकाळी पाच फुलवाती. येत नाहीत अजून. शिकते आहे.

शर्वरीनं ते दोनदा वाचलं. “डाव्या हाताचं मेंदूतलं घर वेगळं आहे,” ती म्हणाली. “थोडंफार इकडचं तिकडं झिरपतं, पण कामाला धक्का लागण्याएवढं नाही. मी लिहून ठेवते, पुढं कधी पट्टा लावायची वेळ आली तर याला कुंपण राहील.” मग जरा घुटमळून म्हणाली, “मावशी, पट्ट्यानं शिकवूही शकते मी. एखाद्या बाईंचा वाती वळणारा हात नोंदून घ्यायचा. दोन आठवड्यांत येतील तुम्हाला. नाहीतर या वयात डाव्या हाताला दीड-दोन वर्षं सहज लागतील.”

“लागू देत,” प्रमिला म्हणाली. “ते माझं मीच करीन, बाळा.”

तिला आणखीही सांगायचं होतं, पण शब्द सापडले नाहीत. नऊ वर्षं हात वाती वळत होते आणि ती तिथं नव्हतीच. दुधापाशी होती, भाजीवाल्यापाशी होती. तीन हजारांच्या वर सकाळी. त्यांतली एकही वात तिला आठवत नव्हती. आत्याबाईंनी डाव्या हातानं वळत आणलेली तेवढी एक आठवत होती.

शुक्रवारी ती तासभर आधी उठली. अंघोळ केली, देवघरातली समई लावली, पाट मांडला. पंचारती घासूनपुसून समोर ठेवली. वाटीत दुधाचे चार थेंब, दुसऱ्या वाटीत तूप. बाहेर अजून पुरतं उजाडलं नव्हतं. भाऊसाहेबांना जाग आली होती. स्वयंपाकघरात त्यांनी चहाचं आधण चढवलेलं तिला ऐकू आलं. मग तिच्याकडं एकदा डोकावून त्यांनी गॅस बंद केला आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

“वेळ लागेल,” ती मागं न बघता म्हणाली.

“मला कुठं जायचंय?” ते म्हणाले.

कापसाची पुडी उघडताच उजवा हात जुन्या ओढीनं पुढं आला. प्रमिलानं तो धरला, मांडीखाली घातला आणि त्यावर नीट बसली. देवाकडं पाहिलं. शेजारी भिंतीवरच्या फोटोतल्या आत्याबाईंकडं पाहिलं.

“द्या इकडं,” ती हळूच म्हणाली, आणि डाव्या हातानं कापसाची पहिली चिमूट घेतली.